अण्णांच्या शेडमधली एक वस्तू ओळखायची आहे (आणि थोडं अण्णांविषयी)

बांधावरचा (शनिवार, रात्री १०:१०)

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. मागच्या पौषात गेले, ब्याऐंशीव्या वर्षी, कुणाला त्रास न देता. वर्षश्राद्ध उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी काकूनं सांगून टाकलं, "आता ती शेड मोकळी करा. मला तितं म्हस बांधायचीया." पुढच्या रविवारी भंगारवाला टेंपो घेऊन येणार आहे. तोवर काय ठेवायचं आणि काय घालवायचं हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण घरात आठवडाभर रजा मिळण्यासारखा मी एकटाच.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी, भिलवडीच्या अलीकडं. अण्णा तरुणपणी सायकल मारत किर्लोस्करवाडीला जायचे, पॅटर्न शॉपमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांगराचा फाळ म्हणा, पंपाची बॉडी म्हणा, लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती करतात, ती वाळूत दाबून साचा घेतात. ही प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. गंमत अशी की पॅटर्न नेमक्या मापाचा करायचा नसतो, थोडा मोठा करायचा असतो. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना फुटामागं साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसतं, म्हणून तेवढं आधीच धरायचं. अण्णांच्या बोलण्यात हे कायम यायचं. लग्नाची पंगत असो नाहीतर पोराचा शर्ट शिवायचा असो, "आकसायचं धरलंस का?"

पुढं नोकरी सोडून त्यांनी गावातच एक जुना लेथ टाकला. पोटापाण्याला इंजिनं, पंप, ट्रॉलीच्या कामाला काही तोटा नव्हता. पण त्यांचा जीव रमायचा तो दुसऱ्याच कामात. कुणाचा हात वाकडा, कुणाचा पाय अधू, कुणाला डावखुरं म्हणून नेहमीचा विळा चालत नाही, असा माणूस दारात आला की लेथवरचं काम खाली उतरायचं. पहिला प्रश्न ठरलेला, "आधी हात दाव." मग घरात हाक, "अगं, कणीक दे एक मूठ." कणकेचा गोळा त्या माणसाच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, दाब, कामाला धरतोस तसा. त्या ठशावरनं मूठ घडवायची, बाभळीची नाहीतर शिसवीची. संधिवातानं बोटं मिटत नसलेल्या एका म्हातारीला त्यांनी खुरप्याची जी मूठ करून दिली, ती रताळ्यासारखी दिसायची. पण म्हातारीनं मरेस्तोवर त्याच खुरप्यानं भांगलण केली.

पैसे घ्यायचे नाहीत. अट एकच: "काम सरलं की परत आणून टाक. दुसऱ्याला हुईल."

आणि लोक खरंच परत आणून टाकायचे! म्हणून तर ही शेड भरली. पोलिओच्या मुलीची तीनचाकी (ती मुलगी पुढं शिक्षिका झाली, स्कूटर घेतल्यावर गाडी स्वतः आणून दिली), डावखुरे विळे, एका हातानं खिळा ठोकायचा लोहचुंबकाचा हातोडा, एकपायी माणसासाठी केलेलं फवारणी पंपाचं खोगीर. यातलं बरंच मी लहानपणापासून पाहिलंय, ओळखतो.

एक वस्तू मात्र कुणालाच ओळखू येईना. काकूलाही नाही. फोटो चढवायचा तीनदा प्रयत्न केला, होत नाहीये. म्हणून वर्णन करतो.

सागवानी फळी, दीड वीत लांब, खाली दोन आडव्या पट्ट्या. फळीवर लोखंडी चौकट. चौकटीत तीन चाकं, जुन्या बंद्या रुपयापेक्षा थोडी मोठी. दोन खाली शेजारी शेजारी, एक वर मधोमध. वरचं चाक स्क्रूनं खालीवर होतं. तिन्ही चाकांच्या कडेला बारीक खाच. खालच्या एका चाकाला हँडल, ते फिरवलं की दातऱ्या चक्रांमुळं खालची दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरतात. वंगण अजून ओलसर आहे. हँडलची मूठ शिसवीची, आणि तिच्यावर बोटांचे खळगे तीनच. एक अंगठ्याचा, दोन बोटांचे. पुढची जागा सपाट.

कुणाला काही सुचतंय का?

सांगलीकर_पुण्यात (शनिवार, रात्री ११:०२)

काय माणूस! वाचताना आमच्या गावभागातले एक सायकलवाले आठवले. पावसात सीट भिजू नये म्हणून नारळाच्या करवंट्या जोडून झाकण केलं होतं पठ्ठ्यानं.

वस्तूबद्दल: शेवयांचं यंत्र? आमच्या आजीकडं पितळी होतं, हँडल फिरवायचं.

बांधावरचा (शनिवार, रात्री ११:१५)

शेवया नाहीत. काकूचा पहिला अंदाज तोच होता. पण पीठ घालायला जागाच नाही, आणि इतक्या अरुंद खाचेतून एकावेळी एकच शेवई निघेल. लग्नाच्या शेवया करायच्या म्हटल्या तर वऱ्हाड परत जाईल.

नट_बोल्ट (रविवार, सकाळी ७:४०)

तीन चाकं, वरचं खालीवर होणारं, खालची दोन एका दिशेनं फिरणारी. हे यंत्र सळई वाकवण्याचं आहे, यात शंका नको. मोठ्या कारखान्यात पत्रा गोल करून टाकी बनवतात ते असंच असतं, फक्त माणसापेक्षा उंच. वरचं चाक जितकं खाली घ्याल तितकी कमान घट्ट. प्रश्न एवढाच की वाकवायचं काय. खाचेची रुंदी मोजा. खाचेत काही चिकटलंय का बघा, भिंग लावून.

आणि तुमच्या अण्णांना नमस्कार. आमचे आजोबा वाडीतच होते, त्यामुळं पॅटर्न शॉप म्हटल्यावर कान टवकारले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना मांडला तेव्हा तिथं निवडुंग आणि सापांशिवाय काही नव्हतं. जागा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेली. त्यानंतर त्या पट्ट्यात घरटी एक माणूस हातोडी धरायला शिकला. दुष्काळी माळावर शेतीपेक्षा ती बरी पिकली म्हणायची.

माणदेशी (रविवार, सकाळी ९:२५)

धागाकर्ते, तुमच्या काकूंचं माहेर कुठलं? आटपाडीकडचं तर नव्हे? विचारण्याला कारण आहे. आमची आजी १९७२ च्या दुष्काळातल्या एका चष्म्याविषयी सांगायची. खडी फोडायच्या कामावर पलूसकडचा कुणाचा तरी जावई आला आणि बायकांना जाळीचे चष्मे देऊन गेला, म्हणायची. आम्हाला ती आजीची लोणकढी वाटायची.

बांधावरचा (रविवार, सकाळी १०:५०)

माणदेशी, अंगावर काटा आला. माहेर आटपाडीच.

काकूला आत्ता विचारलं. ती म्हणाली, "व्हय, मीच लावून दिलं हुतं." ७२ ला तिची आई आणि भावजय खडी फोडायला जायच्या. भावजयीच्या डोळ्यात कपची गेली. काकूनं घरी येऊन सांगितलं. अण्णांनी मैद्याची चाळणी फोडून तिच्या जाळीचे गोल कापले, सायकलच्या स्पोकच्या काड्या केल्या, कडेनं जुन्या ट्यूबची पट्टी लावली, म्हणजे गालाला रुतायला नको. काच का नाही, तर काच फुटली तर आणखी वाईट, आणि घामानं दिसेनासं होतं. पहिले दोन चष्मे घरच्यांसाठी. मग कामावरच्या बाकीच्या बायका मागू लागल्या. पेठेतल्या दुकानातल्या चाळण्या संपल्या, तेव्हा काकूच्या आंदणातली चाळणीही गेली.

ती चाळणी काकू अजून विसरलेली नाही.

माणदेशी (रविवार, सकाळी ११:३०)

म्हणजे आजी खरं बोलत होती. आज ती असायला पाहिजे होती. बायका हसायच्या म्हणे, "माशीगत दिसतंय समदं." पण काढायचं कुणी नाही. सुकडीसाठी रांगेत उभ्या राहिल्या तरी चष्मे कपाळावर. रोजगार हमी, पुढं १९७७ चा कायदा, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण खडी फोडताना डोळ्यांचं काय होत होतं हे कुठं वाचल्याचं आठवत नाही.

खुशालचेंडू (रविवार, दुपारी १:१०)

माझा अंदाज: बांगड्या. कासाराचं यंत्र. पैज?

बांधावरचा (रविवार, दुपारी ४:३५)

नट_बोल्ट यांनी सांगितल्याप्रमाणं मोजलं. खाचेत बरोबर एक सुताची सळई बसते. भिंगातून पाहिलं तर खाचेच्या तळाशी पिवळा कीस आहे. घासून बोटावर घेतला, पितळ वाटतंय.

आणखी एक सापडलं. फळीच्या खाली खिळ्याला अडकवलेला पत्र्याचा तुकडा. तेलाच्या डब्याचा असावा, एका बाजूला रंग आहे. त्याची एक कड कमानीसारखी कापून कानशीनं गुळगुळीत केलीय. कमान चार बोटं रुंद, आणि मधे अंगठ्याच्या नखाएवढी उंच.

नट_बोल्ट (रविवार, दुपारी ५:००)

मग बांगडी बाद. बांगडी पुरी गोल असते, ही नुसती उथळ कमान आहे. तो पत्रा म्हणजे गेज. सळई वाकवायची, पत्र्याला लावून बघायची, फट दिसली तर स्क्रू अजून पाव आटा. म्हणजे एकासारख्या एक अशा पुष्कळ कमानी लागत होत्या आणि त्यात फरक चालत नव्हता. पितळेच्या, चार बोटं रुंद. पिंजऱ्याचं दार? देवाची प्रभावळ? डोकं चालेना.

खुशालचेंडू, पैजेचे पैसे धागाकर्त्याच्या काकूंना चाळणीसाठी पाठवा.

कृष्णामाई (रविवार, सायंकाळी ६:२०)

नदीकाठ म्हणालात म्हणून विचारते, शेड पुरात गेली नाही का? २०१९ ला आमचं भिलवडीचं घर माळ्यापर्यंत भरलं होतं. सांगलीच्या आयर्विन पुलाला सत्तावन्न फुटांच्या वर पाणी होतं, आणि धोक्याची पातळी पंचेचाळीस. जोवर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा प्रश्न सुटत नाही...

बांधावरचा (रविवार, सायंकाळी ७:४५)

ताई, अलमट्टीवर वेगळा धागा काढा, हात जोडतो. मागच्या वेळी त्या विषयावर दोनशे प्रतिसाद झाले आणि दोन आयडी गेले.

शेडमध्ये दोन्ही वेळा पाणी आलं. पण २००५ मधली अण्णांची एक गोष्ट तुमच्या प्रश्नामुळं आठवली, ती सांगतोच.

पाणी चढत होतं, होडी अजून आली नव्हती, आणि मळीच्या वस्तीवर सात-आठ माणसं अडकलेली. पुरात गुऱ्हाळाची काहील (उसाचा रस आटवायची मोठी कढई) पाण्यात सोडायची आमच्याकडं जुनी रीत आहे. पण काहीलीत बसलेल्यालाच तिची खोड माहीत असते. ती तरते छान, पण गोल असल्यामुळं जाग्यावर गरगर फिरते. वल्हं मारलं की पुढं जायच्या ऐवजी गिरकी घेते. पोटात कालवतं, माणूस उभा राहतो, आणि मग ती कलंडते. अण्णा तेव्हा साठीच्या पुढं. गुऱ्हाळवाला म्हणाला, काहील न्या, पण भोक पाडायचं नाही. काहीलीला उचलण्यासाठी कडेनं कड्या असतात. अण्णांनी त्यांतून दोन लांब बांबू आरपार ओवले, बांबूंच्या टोकांना दोन्हीकडं ट्रॅक्टरच्या ट्यूबा हवा भरून बांधल्या, आणि मागं दाराची फळी उभी करून सुकाणू केलं. गिरकी बंद. दोन फेऱ्यांत माणसं आणली, तिसऱ्या फेरीत एका म्हातारीची शेळी, कारण ती शेळीशिवाय जेवेना.

त्यानंतर गुऱ्हाळवाल्यानं हंगामाला दोन ढेपा पाठवल्या. अण्णांनी एक ठेवली, एक वस्तीवर पाठवली. म्हणाले, "बुडत्यात बसलेत त्यांनी. मी काठावनं दोर धरला हुता."

सुकाणू कुणी धरलं होतं हे गावाला माहीत आहे.

माहेरची_वाट (रविवार, रात्री १०:३०)

दादा, सगळं वाचलं. छान लिहितोयस. पण आता माझं पण ऐक. (मंडळी, मी अण्णांची धाकटी मुलगी.)

अण्णांच्या दानतीची गोष्ट सांगताना आईची बाजू एका वाक्यात येते, चाळणीसारखी, आणि लोक हसतात. चाळणी एकटी नव्हती. लेथची मोटर जळाली तेव्हा ती भरून आणायला आईच्या पाटल्या बँकेत गेल्या. त्या दोन वर्षांनी सुटल्या आणि माझ्या ताईच्या बाळंतपणाला परत गेल्या. त्या दोन वर्षांत अण्णांनी किती फुकट मुठी केल्या, ते शेडमध्ये मोज. गिऱ्हाईक ट्रॉलीचं काम घेऊन ताटकळायचं आणि ते कुठल्या तरी लंगड्या शेरडाला पट्टी करत बसायचे. ट्रॉलीवाला कंटाळून दुसरीकडं जायचा. आठवड्याचा बाजार उधारीवर. आई दोन म्हशींचं दूध घालायची डेअरीला, त्यावर घर चालायचं. आम्हाला वह्या-पुस्तकं त्यातनं.

आई कधी अडवायची नाही हे खरं. पण ती काही संत नव्हती. भांडायची, आणि चांगली भांडायची. एकदा कणीक मागितली तेव्हा म्हणाली, "आज कणीक न्हाई, शेण घ्या." अण्णांनी खरंच शेण घेतलं. ठसा चांगला आला म्हणे.

वस्तू परत आली की ती कुणाची, कुठली, हे वहीत टिपायचं काम पण आईचंच. अण्णांना लिहायचा कंटाळा. ती वही २००५ च्या पाण्यात लगदा झाली, म्हणून आज तुला इथं विचारत बसावं लागतंय. आईनं परत वही घातली नाही. म्हणाली, "मी कटाळलो आता."

बांधावरचा (रविवार, रात्री ११:१०)

ताई, मान्य. फोनवर न भांडता इथं लिहिलंस ते बरं केलंस.

तुला एक सांगायचं राहिलं. काल मी काकूला म्हटलं, अण्णांची अट किती शहाणपणाची, दुसऱ्याला होईल म्हणून परत मागायची. तिनं ती तीन खळग्यांची मूठ हातात घेतली, आपली बोटं बसवून बघितली, बसेनात. म्हणाली, "दुसऱ्याला हुईल म्हणायचं. पण दुसऱ्याचा हात तसला कुठनं आणायचा?"

शेड भरण्याचं खरं कारण हेच आहे. एकाच्या मापाचं केलेलं दुसऱ्याला झालंच नाही. अण्णांना हे कळत नव्हतं असं मी मानत नाही.

सांगलीकर_पुण्यात (सोमवार, सकाळी ८:५५)

काकूंना साष्टांग. धाग्याची वाचनखूण साठवली आहे.

(महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्या सांगली-कोल्हापूरकडं बायका "मी आलो, मी गेलो" असंच म्हणतात. टंकनदोष नव्हे.)

तरफ (सोमवार, रात्री ९:१५)

इथं बरीच वर्षं नुसता वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. मी मिरजेचा.

धागाकर्ते, ते सतारीचे पडदे आहेत.

सतारीच्या दांडीवर ज्या पितळी कमानी दोऱ्यानं बांधलेल्या दिसतात, ते पडदे. एका सतारीला साधारण एकोणीस-वीस लागतात. चार बोटं म्हणजे दांडीची रुंदी. नट_बोल्ट यांनी फरक चालत नाही म्हटलं ते अगदी खरं. वाजवणारा डाव्या बोटानं तार पडद्यावर आडवी ओढतो, त्याला मींड म्हणतात. कमान कुठं चपटी, कुठं टोकदार असली की तार तिथं अडखळते आणि सूर खरखरतो. जुने कारागीर सळई साच्यावर दाबून हातानंच वाकवायचे. त्याला दोन्ही हातांच्या बोटांत भक्कम पकड लागते.

आता तुमच्या तीन खळग्यांविषयी. आमच्या सतारमेकर गल्लीत एक चाचा होते. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. लहानपणी लाकूड कापायच्या यंत्रात गेली होती. तबलीचं (भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीचं) काम, भोपळ्याला जोड, पॉलिश, सगळं करायचे. पडदे मात्र होत नसत. दुसऱ्याकडनं करून घ्यायचे आणि त्याची त्यांना फार लाज वाटायची. मग कधीतरी त्यांच्याकडं एक "चरखा" आला. आम्ही पोरं तो फिरवायला मिळावा म्हणून दुकानात घुटमळायचो. सळई एका बाजूनं सरळ आत जायची आणि दुसऱ्या बाजूनं वाकून यायची, बघायला मजा वाटायची. मूठ धरायला गेलं की आमची बोटं घसरायची. चाचा हसायचे, म्हणायचे, "ये मेरे नाप का है."

कुणी करून दिला विचारलं की म्हणायचे, नदीपलीकडचा एक मिस्त्री आहे, गाणं त्याला कळत नाही.

बांधावरचा (सोमवार, रात्री ९:४०)

हे वाचून काकूला उठवलं. झोपली होती.

गाणं कळत नाही हे शंभर टक्के अण्णा. रेडिओवर शास्त्रीय लागलं की म्हणायचे, "ह्या माणसाला कायतरी व्हतंय, कुणीतरी बगा."

नट_बोल्ट (सोमवार, रात्री १०:०५)

म्हणजे ज्याला सूर कळत नाही त्यानं सुतात बरोबर पकडला. वा.

कृष्णामाई (सोमवार, रात्री १०:२०)

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातम्यांत शिकलगारांचा उल्लेख होता. हत्यारांना धार लावणारी मंडळी, तलवारींचं काम गेल्यावर वाद्यांकडं वळली. तरफ, हे बरोबर ना?

तरफ (मंगळवार, सकाळी ७:३०)

बरोबर. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. भोपळे अजून पंढरपूरकडनं येतात, फक्त आता चांगला, जाड सालीचा भोपळा मिळणं अवघड झालंय.

धागाकर्ते, चाचा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा नातू दुकान चालवतो. काल रात्री त्याला तुमचा धागा वाचून दाखवला. चरखा परत दिल्याचं त्याला आठवतं. दादांनी (म्हणजे चाचांनी, त्याच्या आजोबांनी) मरायच्या आधी बजावलं होतं, मिस्त्रीचा आहे, पोचता करा. म्हणून वडिलांबरोबर एसटीनं जाऊन दिला होता. तेव्हा तो दहा-बारा वर्षांचा. म्हणाला, एका बाईनं आम्हाला ताक दिलं होतं आणि वहीत काहीतरी लिहिलं होतं.

रविवारच्या आत मिरजेला येता येईल का?

माहेरची_वाट (मंगळवार, सकाळी ८:१०)

दादा, जा. आणि आईला घेऊन जा.

बांधावरचा (रविवार, रात्री ९:५०)

उशीर झाला, क्षमस्व. आठवडा धावपळीचा गेला. सगळं एकदमच लिहितो.

गुरुवारी मिरजेला गेलो. काकू पण आली, चांगलं लुगडं नेसून. दुकान लहान आहे, खाली भुसा, वर दोरीला पालथे टांगलेले भोपळे. नातवानं चरखा घेतला, रॉकेलनं धुतला, पितळेची सळई लावली. पहिली कमान पत्र्याला लावून बघितली तर मधे फट. स्क्रू थोडा फिरवला, दुसरी बरोबर बसली. इतक्या वर्षांनी. मूठ मात्र त्याच्या हाताला लागेना. पाची बोटं धड असलेला हात त्या मुठीवर कसा ठेवावा हेच कळत नाही. शेवटी त्यानं करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहातात दुमडून घेतलं आणि फिरवलं. काकू बघत होती. म्हणाली, "मूठ बदलून घे की रं. लाकडाचीच हाय." तो म्हणाला, "नको आजी, सवय होईल."

पैशाचा विषय त्यानं काढला, आम्ही बंद केला. मग त्यानं एक तयार सतार जुळवून थोडी वाजवून दाखवली. काकू पाच मिनिटं ऐकून माझ्या कानात म्हणाली, "हे अजून सुरू व्हायचंय का झालं?"

आज भंगारवाला आला. उगाच गोड सांगत नाही, बरंचसं गेलं. गंजलेल्या मुठी, मोडके विळे, फवारणीचं खोगीर, तीन क्विंटलच्या वर लोखंड भरलं. लेथ शेजारच्या गावातल्या आयटीआय झालेल्या एका पोरानं घेतला, हप्त्यानं. तीनचाकी ठेवली. जाळीचा चष्मा एकही सापडला नाही. माणदेशी, तुमच्याकडं आजीचा असेल तर जपून ठेवा.

संध्याकाळी म्हस शेडमध्ये बांधली. धार काढून काकू आत आली आणि माझ्याकडं शंभर पानी वही मागितली. पहिल्या पानावर तिनं लिहिलंय ते जसंच्या तसं देतो:

"मिरज. सतारवाला नातू. चरका १, पत्रा १. परत यायचाय."